बाबांच्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर मी खोलू का?

पत्राचा सारांश: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. घरी चार एकर कोरडवाहू शेती आणि तीन म्हशी. वडील रोज पहाटे दुधाचे दोन कॅन गाडीला लटकवून अकरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी रतीब घालायला जातात, संध्याकाळी पुन्हा एक फेरी असते. गाडी २०१२ सालची स्प्लेंडर, रात्री अंगणात उभी असते, पेट्रोल रोजच्या रोज शंभर रुपयांचं. पावसाळा लागल्यापासून ती सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. चोक बंद केला की बंद पडते, रेस धरून ठेवली तर चालते, आणि एकदा रस्त्याला लागली की काही त्रास नाही. गावातला मिस्त्री वडिलांचा लहानपणचा दोस्त आहे. तो दर वेळी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) साफ करून देतो, दीडशे-दोनशे रुपये घेतो, तेही बऱ्याचदा उधारीवर. पंधरा-वीस दिवस गाडी छान चालते, मग पुन्हा तेच. हिने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि हे आपल्याला जमेल असं तिला वाटतं. वडील म्हणतात, "गाडी बंद पडली तं सकायी दूध कोन नेईन?" काका म्हणतात, "पोरीच्या जातीले हे कायले पायजे?" मिस्त्री मुद्दाम अर्धवट काम करत असेल का, असा तिला संशय आहे, आणि आपण स्वतः साफ करायला लागलो तर त्याला राग येईल ही धास्तीही आहे. मी शिकू का, सुरुवात कुठून करू, आणि मुलींना हे काम शिकवणारं जवळपास काही आहे का, असं ती विचारते.

शिक. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. स्प्लेंडरसारख्या गाडीचा कार्बोरेटर हा नवख्या माणसानं शिकायला फार चांगला भाग आहे. त्यात वीज नाही, संगणक नाही, पितळेची आणि रबराची मोजकी कामं आहेत, आणि जे चुकतं ते बहुतेक वेळा डोळ्याला दिसतं. पण तुझ्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी तू जशा मांडल्या आहेस तशा मला पटल्या नाहीत. त्या आधी बोलू.

पहिली गोष्ट बाबांची. तू बाबा आणि काका या दोघांनाही विरोध करणारे म्हणून एका ओळीत बसवलंस. मी बाबांचं वाक्य पुन्हा वाचलं. त्यात मुलगी हा शब्दच नाही. त्यांना काळजी आहे ती पहाटेच्या दुधाची. दोन कॅन दूध, घराघरातली गिऱ्हाइकं, एक दिवस उशीर झाला की चहाची वेळ टळते आणि दोन-तीनदा असं झालं की माणसं पाकिटाच्या दुधाकडे वळतात. रतीब जमवायला वर्षं लागतात. घरात दुसरी गाडी नाही. अशा वेळी एकुलती एक चालती गाडी कुणी शिकायला म्हणून खोलतो म्हणालं, तर मी पण नाहीच म्हटलं असतं, समोर मुलगा असो की मुलगी. त्यामुळे बाबांना पटवायचं असेल तर "मला जमेल" या वाक्याचा उपयोग नाही. "सकाळची फेरी चुकणार नाही" याची खात्री त्यांना दिसली पाहिजे. ती कशी द्यायची ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट मिस्त्रीची. तो फसवत असेल तर गाडी पंधरा-वीस दिवस छान चालली नसती. चालते, याचा अर्थ तो साफ करतो ते नीट करतो. घाण पुन्हा येते, आणि ती कार्बोरेटरमध्ये तयार होत नाही, वरून येते. कार्बोरेटर हा रस्त्याचा शेवट आहे. टाकीत जे असेल ते पेट्रोल टाकीखालच्या तोटीतून, म्हणजे कॉकमधून, आणि मग पाइपमधून खाली उतरतं आणि सगळ्यात बारीक भोकापाशी येऊन अडकतं. तुझ्या गाडीचं दुखणं त्याच भोकाचं दिसतं.

आत काय होतं ते समजून घे, म्हणजे व्हिडिओ पाहताना हात कुठे जातोय ते कळेल. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते, तिच्यात थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं. त्या पेट्रोलवर फ्लोट नावाचा एक हलका तुकडा तरंगतो. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि रबरी टोकाच्या एका छोट्या पिनेनं वरून येणारी वाट बंद करतो. वाटीतलं पेट्रोल वर ओढलं जातं ते दोन पितळी जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या छोट्या नळ्यांमधून. रेस दिल्यावर, गाडी पळताना मुख्य काम मेन जेटचं. गाडी उभ्या जागी हळू चालू असते तेव्हा सगळा भार स्लो जेटवर. मेन जेटचं भोक सहज दिसतं. स्लो जेटचं केसाइतकं बारीक असतं. आता तुझी लक्षणं बघ: रस्त्याला लागल्यावर त्रास नाही, म्हणजे मेन जेट मोकळा आहे. रेस सोडली की बंद, म्हणजे स्लो जेटमधून पेट्रोल कमी येतंय. चोक ओढला की हवा कमी होते, त्यामुळे तेवढं कमी पेट्रोलही पुरतं, म्हणून चोकवर चालते. प्लग किंवा टॅपेट बिघडले तरी गाडी अडते, पण त्यांची तऱ्हा वेगळी असते. तू लक्षणं इतकी बारकाईनं लिहिलीस की मला गाडी न बघता एवढं बोलता येतंय. ही नजर असलेल्या माणसानं हे काम शिकायलाच पाहिजे.

मग घाण वरून का येते? तुझ्या पत्रातच दोन कारणं आहेत. रोज शंभर रुपयांचं पेट्रोल, आणि अंगणात उभी गाडी.

शंभराचं पेट्रोल म्हणजे साधारण एक लिटर. रोज तेवढंच भरायचं आणि तेवढंच जाळायचं, म्हणजे गाडी बाराही महिने रिझर्व्हवर, टाकीच्या तळाच्या राखीव पेट्रोलवर. टाकीच्या आत कॉकची एक उभी नळी असते. कॉक 'ऑन'वर असला की पेट्रोल त्या नळीच्या वरच्या तोंडातून येतं, तळापासून थोडं उंचावरून. रिझर्व्हवर ते तळालगतच्या भोकातून येतं, आणि गंज, धूळ, पाणी सगळं तळाशीच बसलेलं असतं. शिवाय टाकी कायम रिकामी म्हणजे आत हवाच जास्त. पावसाळ्यात त्या हवेतली वाफ रात्री पत्र्याला धरते, पाण्याचे थेंब होतात, पत्रा गंजतो. झाकणाचं रबर जुनं झालं असेल तर वरून पावसाचं पाणीही झिरपतं. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच मिसळून जातं, कळतही नाही. एका मर्यादेपुढे पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात, आणि रिझर्व्हवरची गाडी नेमकं तेच पिते.

म्हणून कार्बोरेटरला हात लावण्याआधी एक काम कर. एक स्वच्छ, कोरडी काचेची बरणी घे. कॉक बंद करून कार्बोरेटरला येणारा पाइप काढ, बरणीत धर, आणि कॉक रिझर्व्हवर करून वाटीभर पेट्रोल येऊ दे. बरणी झाकण लावून गोठ्यापासून, चुलीपासून आणि लहान लेकरांपासून दूर, सावलीत रात्रभर ठेव. सकाळी उजेडात धरून बघ. तळाला तपकिरी गाळ असेल तर गंज. खाली वेगळा थर किंवा मण्यांसारखे गोळे दिसले तर पाणी. पेट्रोल पाण्याच्या किंवा थंड्याच्या बाटलीत मात्र कधीही ठेवू नकोस. आपल्याकडे ही फार सर्रास सवय आहे आणि तहानलेलं लेकरू बाटली ओळखत नाही.

बरणीत गाळ दिसला तर ती बरणी घेऊन सरळ मिस्त्रीकाकांकडे जा. भांडायला नाही, दाखवायला. टाकी उतरवून धुणं, कॉक काढून त्यातली जाळी साफ करणं किंवा बदलणं, झाकणाचं रबर बदलणं, आणि पाइपमध्ये एक छोटा पारदर्शक फिल्टर बसवणं, एवढं त्यांच्याकडून एकदा करून घे. फिल्टर दुचाकीसाठीचा लहान घ्यायचा, कारण आपल्या गाडीत पेट्रोल पंपानं ढकललं जात नाही, स्वतःच्या वजनानं उतरतं. मोठा, घट्ट फिल्टर लावला तर पेट्रोल कमी पडतं.

आणि बाबांना पेट्रोलचा हिशेब समजावून सांग. रोजचे शंभर रुपये तेच राहू देत. फक्त एकदा, कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे हातात आले की, दोन-अडीच लिटर जास्तीचं भरायचं आणि ते टाकीत तसंच मुरू द्यायचं. त्यानंतर रोज एक लिटर घाला, एक लिटर जाळा. खर्च एकदाच वाढतो, गाडी रिझर्व्हवरून कायमची उतरते. रात्री गाडी पडवीत किंवा गोठ्याच्या आडोशाला घेता आली तर आणखी बरं. माझा अंदाज आहे की एवढ्यानंच तुमचं पंधरा दिवसांचं दुखणं कित्येक महिन्यांवर जाईल.

मग कार्बोरेटर शिकायचा कशाला, असं म्हणशील. कारण पहाटे साडेपाचला गाडी अडली तर मिस्त्री झोपलेला असतो आणि दूध तापत नाही तोवरच नेलेलं बरं असतं. तेव्हा घरात एक माणूस असं हवं ज्याला कळतं की आता काय करायचं.

आता बाबांना द्यायची खात्री. मिस्त्रीकाकांकडे भंगारात पडलेला एखादा जुना कार्बोरेटर नक्की असेल. झिजलेला, फुटक्या वाटीचा, कसाही. तो माग. शंभर-पन्नास रुपये म्हणाले तर दे. तुझं सगळं शिक्षण आधी त्याच्यावर होऊ दे. ओट्यावर पांढरं फडकं अंथर आणि तो खोल, जोड, पुन्हा खोल. स्क्रू किती जोर लावला की सुटतो आणि किती लावला की त्याची खाच बिघडते, हे व्हिडिओत दिसत नाही, मनगटालाच कळतं. व्हिडिओवाल्यांचे स्क्रू आधीच ढिले केलेले असतात. तुझे गंजलेले असणार. पेचकस खाचेत पूर्ण बसेल असाच घ्यायचा, आधी दाबायचा आणि मग फिरवायचा. घट्ट असेल तर स्क्रूवर थोडं गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर थांबायचं. डोळे मिटून फ्लोटची पिन बसवता येईपर्यंत बाबांच्या गाडीला हात लावायचा नाही, असं स्वतःहून सांग. हे ऐकल्यावर बाबांचा सूर बदलेल असं मला वाटतं.

खऱ्या गाडीची वेळही ठरवून घे. सकाळची फेरी करून बाबा आले, इंजिन थंड झालं, आणि संध्याकाळच्या फेरीला चार-पाच तास आहेत, तेव्हाच. संध्याकाळनंतर कधीच नाही. काही अडलंच तर दुपारी मिस्त्रीचं दुकान उघडं असतं, गाडी ढकलत नेता येते. पहिल्या वेळी मिस्त्रीकाकांना बाजूला बसवता आलं तर सोन्याहून पिवळं.

जागा मोकळी हवी. निंबाखाली, अंगणात, वारा खेळता असेल तिथे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोचू शकते. त्यामुळे घराच्या आत नको, गोठ्यात कुटार-कडब्याजवळ नको, आणि बिडी ओढत बघायला येणाऱ्या माणसाला, मग तो कितीही मोठा असो, लांब बसवायचं. जवळ घमेलंभर रेती ठेव. आग लागली तर पेट्रोलवर पाणी ओतायचं नसतं, रेती टाकायची. ओढणी काढून ठेव, केस बांध, हातात धातूच्या बांगड्या नकोत. कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे मारणार असशील तर डोळ्यांना चष्मा लाव. तो स्प्रे एका भोकातून आत जातो आणि दुसऱ्याच भोकातून थेट डोळ्याकडे येतो. तोंडानं पाइप ओढून पेट्रोल काढायचं नाही, जेट तोंडात धरून फुंकायचंही नाही. जुने मिस्त्री हे करतात, तू करू नकोस.

काम सुरू करण्याआधी सगळ्यात सोपा उपाय करून बघ. वाटीच्या तळाला एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. कॉक बंद करून तो थोडा सैल केला की वाटीतलं पेट्रोल खालच्या पाइपातून बाहेर येतं, आणि त्यासोबत तळाचं पाणी आणि गाळही. स्क्रू बंद कर, कॉक उघड, वाटी भरू दे, पुन्हा एकदा तसंच कर आणि किक मार. पावसाळ्यातल्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच सुरू होतात. हे पहाटे अंधारात, बॅटरीच्या उजेडात, काही न खोलता करता येतं. फक्त इंजिन थंड हवं आणि कंदील-दिवा जवळ नको. बाबांना तू सगळ्यात आधी हेच शिकवून टाक.

तेवढ्यानं भागलं नाही तर कार्बोरेटर उतरवायचा. गाडी मधल्या स्टँडवर. कॉक बंद, पाइप काढायचा. वरचं झाकण फिरवून काढलं की रेसच्या केबलला लटकलेला स्लाइड आणि त्याची सुई बाहेर येते. ती केबलवरून सोडवू नकोस. स्वच्छ फडक्यात गुंडाळून वर बांधून ठेव, सुई वाकता कामा नये. सुईच्या क्लिपला हात लावायचा नाही. मग एअर फिल्टरकडच्या पाइपची पट्टी सैल कर आणि इंजिनकडचे दोन नट दहा नंबरच्या पान्यानं काढ. तिथल्या रबरी रिंगकडे लक्ष ठेव, ती पडून हरवते. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढ. शिकणाऱ्याच्या हातात मोबाईल असणं हे आमच्या काळी नव्हतं, त्याचा पुरता फायदा घे.

कार्बोरेटरच्या बाजूला दोन स्क्रू दिसतील. एक आयडलिंगचा, म्हणजे उभ्या जागी गाडी किती हळू चालावी ते ठरवणारा, दुसरा हवेचा. हवेच्या स्क्रूला पहिल्या वेळी हातच लावू नकोस. पुढे कधी काढायची वेळ आली तर आधी तो हलक्या हातानं आत फिरवत किती फेरे होतात ते मोज, कागदावर लिही, आणि बसवताना तेवढेच फेरे बाहेर ठेव. आत टेकल्यावर जोर लावला तर त्याचं टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात आणि मग गाडी कधीच धड लागत नाही.

वाटी उघडली की तळाशी काय आहे ते नीट बघ. लालसर पीठ दिसलं तर गंज, पांढरट-हिरवट चिकट काही दिसलं तर फार दिवस साचलेलं पेट्रोल. फ्लोटची बारीक दांडी एका बाजूला सरकवून काढायची. फ्लोट उचलताना ती रबरी टोकाची पिन खाली पडते, म्हणून पांढरं फडकं. पिनेच्या टोकावर गोल चरा पडला असेल तर ती बदलावी लागते, नाहीतर पेट्रोल वाटीतून वाहून जमिनीवर गळत राहतं. फ्लोट वाकवायचा नाही.

मग जेट. दोन्ही जेट पितळेचे, मऊ. पेचकस नेमका बसणारा हवा, नाहीतर खाच तुटते आणि जेट आतच राहतो. काही कार्बोरेटरमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो, त्याला खाचच नसते. तो उपसायचा नाही, आहे तिथेच स्प्रे मारायचा. स्लो जेट निघाला की तो चिमटीत धर आणि एक डोळा मिटून आभाळाकडे कर. मोकळा असेल तर मधोमध प्रकाशाचा एक गोल, टाचणीच्या टोकाहून लहान ठिपका दिसतो. बुजलेला असेल तर ठिपका अर्धा दिसतो, कधी वेडावाकडा, कधी काळोखच. ही एक गोष्ट नीट बघायला शिकलीस तर अर्धं काम आलं. भिजवून ठेव, स्प्रे मार, सायकलच्या पंपानं किंवा पंक्चरवाल्याकडच्या हवेनं फुंक, पुन्हा आभाळाकडे धर. ठिपका पूर्ण गोल होईपर्यंत.

यात तार घालायचा मोह होतो. गावोगावी क्लच केबलचा एक तंतू तोडून जेटमध्ये खुपसतात. ती पोलादाची तार असते, पितळ खरवडते. भोक तीळभर मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल पिते, काळा धूर देते, आणि मग नवा जेट आणावा लागतो. अगदीच नाइलाज झाला तर विजेच्या मऊ तांब्याच्या वायरचा एकच केस वापर, तोही अलगद. स्प्रे मारण्याआधी सगळी रबरं काढून बाजूला ठेव, त्या औषधानं रबर फुगतं आणि मग वाटीत बसत नाही. कार्बोरेटरच्या आतल्या वाटाही फुंकून घे, नुसते जेट धुऊन भागत नाही.

जोडताना सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे तो स्लाइड. त्याच्या अंगावर एक उभी खाच असते, कार्बोरेटरच्या आत तिला अडवणारी खूण असते, आणि स्लाइडच्या खालचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे यायला हवा. तो उलटा किंवा तिरपा बसला तर रेस अडकून राहू शकते. म्हणून किक मारण्याआधी रेस पूर्ण पिळून सोड. आत "टक" असा आवाज होऊन ती स्वतःहून परत आली पाहिजे. हँडल डावीकडे वळवून बघ, उजवीकडे वळवून बघ, दोन्हीकडे परत आली पाहिजे. ही चाचणी झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. इंजिनकडचे दोन्ही नट आळीपाळीनं, सारख्या जोरानं कसायचे, नाहीतर एका बाजूनं हवा ओढली जाते आणि गाडी पुन्हा आयडलला थांबत नाही. मग कॉक उघडून थोडा वेळ नुसतं बघत बस. खालच्या पाइपातून पेट्रोल टपकलं तर फ्लोटची पिन नीट बसलेली नाही, पुन्हा उघडावं लागेल. टपकलं नाही तर चोक ओढ आणि किक मार. गाडी गरम झाल्यावर आयडलिंगचा स्क्रू सावकाश फिरवून आवाज लाव.

एवढं करूनही दुखणं तसंच राहिलं तर पुन्हा कार्बोरेटर उघडू नकोस. एअर फिल्टर बघ. आपल्याकडे पांदणीच्या धुळीनं तो लवकर भरतो. फोमचा असेल तर धुता येतो, कागदी असेल तर धुवायचा नाही, आणि तेलकट कागदाचा असेल तर बदलायचाच. प्लग काढून त्याचं टोक बघ: काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं असेल तर कमी. त्यापुढचं टॅपेट, व्हॉल्व्ह, क्लच प्लेटा हे सगळं मिस्त्रीकाकांचं काम.

त्यांच्या रागाचं म्हणशील, तर कार्बोरेटर साफ करण्याच्या दीडशे रुपयांवर कुणाचं दुकान चालत नाही, आणि तुमचे तर बऱ्याचदा उधारीत असतात. मला वाटतं, राग येईल तो तू लपून केलंस तर. समोर जाऊन "काका, मले शिकवा" म्हटलंस तर बहुतेक मिस्त्री नाही म्हणत नाहीत, कारण त्यांना असं कुणी विचारतच नाही. आत्ता सोयाबीनच्या हंगामात त्यांच्या दुकानात गर्दी असेल. अशा वेळी दोन-चार दुपारी जाऊन हाताखाली बस, पाने पुसून दे, वाट्या धुऊन दे. वेगवेगळ्या गाड्यांचे दहा कार्बोरेटर उघडताना बघणं हे एकच कार्बोरेटर दहा वेळा उघडण्यापेक्षा जास्त शिकवतं. आणि टाकी धुण्याचं, फिल्टर लावण्याचं काम त्यांना दे, रोख पैशानं.

काकांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. त्यांच्या गाडीचा ड्रेन स्क्रू एखाद्या पावसाळी सकाळी तूच सैल करून देशील.

ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्यांच्यासाठी एक सूचना. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर आलेल्या बहुतेक गाड्यांत साधा कार्बोरेटर नसतो. फ्युएल इंजेक्शन असतं, पेट्रोल दाबानं सोडलं जातं आणि त्यावर संगणकाचा ताबा असतो. तिथे वर लिहिलेलं काही करायला जाऊ नका. टाकीतल्या पाण्याची आणि कायम तळाला ठेवलेल्या पेट्रोलची गोष्ट मात्र त्या गाड्यांनाही लागू आहे, उलट त्यांचा पेट्रोल पंप टाकीतच असतो, त्यामुळे जास्तच.

तुझा शेवटचा प्रश्न शिकवणाऱ्या ठिकाणाचा. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालते, लोक तिला आरसेटी म्हणतात. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणाची सोयही असते, आणि दुचाकी दुरुस्ती हा त्यांच्या विषयांपैकी एक आहे. मुलींना प्रवेश आहे. पुढची तुकडी कधी, ते यवतमाळच्या केंद्रात जाऊन किंवा तुमच्या बँकेच्या शाखेत विचार. वर्षभराचं शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये दुचाकी-तिचाकी मेकॅनिकचा ट्रेड असतो. तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून अर्ज भरताना आधी यादी बघ. बी.ए. सोडू नकोस, आरसेटीची तुकडी उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळते का ते विचार. तोवर भंगारातला कार्बोरेटर, एक प्लस आणि एक चपटा पेचकस, दहा नंबरचा पाना आणि पांढरं फडकं, एवढं पुरेल. बरणीत काय निघालं ते मला कळव. फोटो पाठवलास तर पुढच्या वेळी इतर वाचकांनाही दाखवता येईल.